एसएसडी (लॅपटॉपमधील तापमान)

लॅपटॉपमधील एसएसडी कामाला लागली की तापते आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. या क्रियेला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. एसएसडीत फिरणारा भाग नसतो. उष्णता निघते ती मुख्यतः कंट्रोलर चिपमधून.

जुन्या २.५ इंची साटा ड्राइव्हचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटवर थांबत असे, त्यामुळे हा प्रश्न फारसा जाणवला नाही. २०११ साली एसएसडी पीसीआयई मार्गाने जोडण्याचे एनव्हीएमई मानक आले. आता २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब पट्टी पीसीआयई ४.० वर सेकंदाला ७,००० मेगाबाइटपर्यंत वाचू शकते आणि भर कामात काही वॅट वीज खाते. लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्ड आणि तळाचे झाकण यांच्या फटीत बसते. पंख्याचा वारा प्रोसेसरसाठी. हिच्या वाट्याला बहुधा त्याची ऊबच येते. डेस्कटॉपचे जाड हीटसिंक इथे मावत नाहीत. थर्मल पॅड लावून उष्णता झाकणाकडे काढणे हाच व्यवहार्य उपाय, तरी काही लॅपटॉपांत तोही नसतो.

घरगुती ड्राइव्हची कामकाजाची मर्यादा बहुधा ०° ते ७०° से. अशी छापलेली असते. मोठी फाइल उतरवताना पारा साठीच्या पुढे गेला, तर घाबरण्याचे कारण नाही. वेग कोसळला की खापर उष्णतेवर फुटते, ते मात्र दर वेळी खरे नसते. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल अशा ड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान ५५° च दिसत असेल, तर बहुधा एसएलसी कॅश (लेखनासाठीचा वेगवान तात्पुरता भाग) भरलेली असते. काहीही न करता ड्राइव्ह तापलेली राहणे अधिक संशयास्पद : ती वीजबचतीच्या अवस्थेत जात नसावी. लिनक्समध्ये एनव्हीएमई ड्राइव्हला आपोआप त्या अवस्थेत जाऊ देण्याची सोय ४.११ या आवृत्तीपासून (२०१७) आहे.

खरी हानी होते ती वीज बंद असताना. जेडेक या चिप-उद्योगातील मानक-संस्थेच्या मानकानुसार, लेखन-आयुष्य संपलेल्या घरगुती ड्राइव्हने ३०° से. तापमानात वर्षभर माहिती टिकवणे अपेक्षित आहे. तापमान वाढेल तशी ही मुदत घटते. म्हणून भरपूर वापरलेला लॅपटॉप उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत बंद पडून राहणार असेल, तर त्यातील माहितीची प्रत आधी दुसरीकडे काढून घ्यावी.