‘एम’वाल्यांचा पगार
(कारखाना कल्पनेतला आहे, चूक मात्र रोजच्या कामातली.)

6 तारीख, दुपारी 3. उरले 16 तास. चाकण एमआयडीसीतला सुट्या भागांचा कारखाना. पगाराची क्वेरी रेंगाळते म्हणून पिंपरीतल्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो. क्वेरी आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर कापून घेते आणि ते ‘ए’ ते ‘एम’मध्ये आहे का बघते. अक्षर कापायचं म्हटलं की आडनावावरचा इंडेक्स कामी येत नाही, सगळं टेबल चाळावं लागतं. तो कापाकापी काढून टाकतो. उरतं एवढंच: आडनाव बिटवीन ‘ए’ अँड ‘एम’. क्वेरी पळायला लागते.

दुपारी 4. उरले 15 तास. चाचणी. नमुन्याची आडनावं एकाक्षरी: ‘ए’, ‘के’, ‘एम’. तिन्ही येतात. पास.

संध्याकाळी 6. उरले 13 तास. बँकेसाठी दोन फायली: ‘ए’ ते ‘एम’, ‘एन’ ते ‘झेड’. बिटवीन दोन्ही टोकं धरतं हे खरं, पण टोक म्हणजे नुसता ‘एम’. शब्दकोशात एकटं अक्षर आधी, त्यापासून सुरू होणारे शब्द नंतर. तसेच माने, मोरे, म्हस्के हद्दीच्या पलीकडे पडतात. दुसऱ्या फाइलीतून झेंडे आणि झगडेही गळतात. एररचा मेसेज नाही.

रात्री 8. उरले 11 तास. लेखा विभाग ताळा घेतो. फायलींची रक्कम बँकेच्या पोचपावतीशी पै-पैशाने जुळते. जुळणारच, दोन्ही आकडे त्याच क्वेरीतून आलेत. हजेरीपटावरची डोकी कोणी मोजत नाही.

रात्री 9. उरले 10 तास. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी दिवसरात्र, दर अर्ध्या तासाला चालते. महाळुंग्याच्या खोल्यांवर मोबाइल वाजतात. जाधव, कदम, पवार खूश. मोरे म्हणतात, “माझी बँक स्लो आहे.”

7 तारीख, सकाळी 6. उरला 1 तास. मोरेंचा गाडीचा हप्ता परत जातो. वर दंड.

सकाळी 6:45. उरली 15 मिनिटं. गेटवर घोळका. “साहेब, पवारांचा झाला, माझा का नाही?” कुणीतरी मोबाइलवर यादी करतो: माने, मुळे, महाजन, म्हस्के. “आडनाव बघून पगार अडवलाय!” संगणक विभागाला न दिसलेला धागा गेटवर पाच मिनिटांत सापडतो, अर्थ तेवढा चुकीचा लागतो.

सकाळी 7. शून्य. पहिली पाळी आत जात नाही. प्रेस थंड. महिन्याचा पगार द्यायची कायदेशीर मुदत आजच संपते, आणि पुढच्या गाडी कंपनीकडे या भागांचा साठा काही तासांचाच असतो.

दुरुस्ती एका ओळीची: पहिल्या फाइलीत ‘ए’पासून, पण ‘एन’च्या अलीकडचे सगळे, दुसरीत ‘एन’ आणि पुढचे सगळे, वरची हद्दच नाही. इंडेक्सही चालतो. पण फाइल बँकेत जाण्याआधी तिच्या ओळी हजेरीपटाशी मोजल्या असत्या, तर ही चूक संध्याकाळी 6 वाजताच पकडली गेली असती. क्वेरीचा ताळा त्याच क्वेरीकडून घेणं म्हणजे ताळा न घेणंच.