लोहमार्ग आणि आपली बिऱ्हाडे

खानदेशातून उदरनिर्वाहार्थ महानगराकडे गेलेल्या ज्ञातिबांधवांनी बिऱ्हाडासाठी अमुकच उपनगर का निवडले, ह्याचा विचार करू लागले असता भाडे, पाणी, शाळा ही कारणे प्रथम पुढे येतात. ती खरी आहेतच; परंतु त्यांच्याही आधीचे कारण लोहमार्ग हे होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली. सह्याद्रीचा अडसर मात्र मोठा होता. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा मार्ग खुला झाला आणि १८६७ साली गाडी नागपुरास गेली. एक फाटा नागपुराकडे व दुसरा खंडव्याकडे, अशा संगमावर वसलेल्या भुसावळास मुंबई एकाएकी जवळची झाली.

घाट उतरून येणाऱ्या खानदेशी उतारूस मुंबईच्या लोकलचे पहिले मोठे स्थानक लागते ते कल्याणचे. रात्री भुसावळास गाडीत बसलेली म्हातारी माणसे भरिताची वांगी, कळण्याचे पीठ व उडदाचे पापड ह्यांची बोचकी घेऊन दादरच्या गर्दीत कशी शिरणार? कल्याणास मुलगा उतरवून घ्यावयास येई. ज्या घरात आईवडील मागे गावी राहिले, त्या घराने कल्याण-डोंबिवली का पत्करली, हे ह्यावरून ध्यानी यावे.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या भाडेकरूस अभय मिळाले. नव्याच्या वाट्यास मात्र पागडी आली. भाड्याने देण्याकरिता चाळी बांधण्यात मालकास स्वारस्य उरले नाही. मग १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, १९६४ साली डोंबिवलीस औद्योगिक वसाहत झाली, आणि कारकून-शिक्षकाच्या आवाक्यातील घर तिकडेच सापडू लागले. स्वस्ताईचे मोल लोकलमध्ये लोंबकळून चुकवावे लागले, ही गोष्ट निराळी.

पश्चिम खानदेशाची कथा ह्याहून वेगळी, पण सूत्र तेच. ताप्ती व्हॅली रेल्वेने १९०० साली सुरत व अमळनेर जोडले. तेव्हा नंदुरबार-दोंडाईच्याच्या माणसास मुंबईपेक्षा सुरत सोयीची झाली. यंत्रमागांची वाढ होताच उधना व लिंबायत ही जणू आपलीच उपनगरे बनली. सुरत महापालिकेस मराठी शाळा चालवाव्या लागतात, त्यात ह्या वस्तीचा वाटा मोठा आहे.

पिंपरी-चिंचवडकडे गेलेल्यांची वस्ती मात्र कारखान्याच्या फाटकाने ठरविली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीस आली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन भूखंड नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने मिळू लागले.

समाजाने स्वतःचीच वसाहत का उभारू नये, असा प्रश्न सभांतून निघतो. सारस्वतांनी १९१५ साली गावदेवीस सहकारी गृहसंस्था काढली, हा आदर्श थोर खरा. पारशी गृहसंस्थेच्या अहमदाबादच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अशा पोटनियमास मान्यताही दिली. तथापि शेजार केवळ आपलाच असावा, हे मला पटत नाही. डोंबिवलीत कोकणस्थ, आगरी, कानडी शेजारात वाढलेली आपली मुले अधिक चौकस निघाली, असेच माझ्या पाहण्यात आहे. समाजाचा पैसा नवख्या तरुणाच्या पहिल्या वर्षाच्या वसतिगृहासाठी खर्च व्हावा. घर त्याने स्वतः शोधावे.

आता ही पिढी टिटवाळा, बदलापूर पाहू लागली आहे. जागा पाहावयास रविवारी दुपारी जाऊ नये. सोमवारी सकाळी आठास स्थानकावर उभे राहावे, आणि वैशाखात नळास किती वेळ पाणी येते, हे दलालास न विचारता तळमजल्यावरील गृहिणीस विचारावे.