बोलण्यातून उभ्या राहिलेल्या शाळा

विद्यापीठांच्या वादविवाद स्पर्धा तुम्ही पाहिल्या असतील. निदान त्यांच्या बातम्या तरी वाचल्या असतील. एक विषय ठरतो. एक विद्यार्थी अनुकूल बाजूने बोलतो, दुसरा प्रतिकूल बाजूने. वेळ संपली की घंटा वाजते, परीक्षक गुण मांडतात आणि जिंकलेले कॉलेज ढाल घेऊन घरी जाते. पुढच्या वर्षी पुन्हा नवा विषय, पुन्हा तीच ढाल! हे सारे पाहून एखादा व्यवहारी माणूस विचारतो, "अहो, पोरे बोलली छान, पण या बोलण्यातून निघाले काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याला तडकाफडकी उत्तर देण्यापेक्षा आपण जरा मागे जाऊ. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही शहरांत विद्यापीठे स्थापन झाली ती १८५७ साली. पण विद्यार्थ्यांच्या सभा विद्यापीठांहून वयाने मोठ्या आहेत. त्यांपैकी दोन सभांची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

पहिली सभा कलकत्त्याची. तिथल्या हिंदू कॉलेजात १८२६ साली हेन्री डिरोझिओ नावाचा एक शिक्षक नेमला गेला. त्याचे वय होते अवघे सतरा! म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी जवळजवळ एकाच वयाचे. वर्गातला तास संपला तरी यांचे बोलणे संपत नसे. त्यातूनच १८२८ च्या सुमारास 'अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन' ही वादसभा निघाली. नशीब खरे की प्रयत्न खरा, सद्गुण म्हणजे काय, देशावर प्रेम करायचे म्हणजे काय करायचे, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य, ईश्वर आहे हे कशावरून, अशा विषयांवर तिथे खडाजंगी होई. मुलांना मदत करणारे डेव्हिड हेअर यांच्यासारखे वडीलधारे गृहस्थही तिथे येऊन बसत.

आता विचार करा. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा तो काळ. घरात वडिलांच्या शब्दापुढे शब्द काढायची सोय नाही, आणि इथे मिसरूड फुटलेली मुले ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालतात! शहरात गवगवा झाला. डिरोझिओ नास्तिकपणा शिकवतो, आईबापांची अवज्ञा करायला सांगतो, अशा कंड्या पिकल्या. काही पालकांनी मुलांना कॉलेजातून काढून घेतले. अखेर १८३१ च्या एप्रिलमध्ये चालकांनी डिरोझिओला नोकरी सोडायला लावली.

त्या वेळी त्याने विल्सन साहेबांना जे पत्र लिहिले, ते शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा : मी मुलांपुढे शंका घेणाऱ्या ह्यूमचे म्हणणे ठेवले हे खरे; पण त्याला रीड आणि स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही ठेवली. एकच बाजू सांगून दुसरी लपवणे माझ्याने झाले नाही. आईबापांचा अनादर करा असे मी कधीही शिकवले नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पटकीच्या साथीने डिरोझिओ गेला. वय बावीस. त्याची सभा कॉलेजला पचली नाही. पण तिथे वाढलेल्या तरुणांकडे पाहा. रामतनु लाहिरी जन्मभर शिक्षक राहिले आणि बंगालात आदराला पात्र झाले. राधानाथ सिकदार मोजणी खात्यात गेले. पुढे ज्याला एव्हरेस्ट नाव मिळाले त्या शिखराची उंची गणिताने काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्रश्न विचारायची सवय काही वाया गेली नाही.

दुसरी सभा आपल्या मुंबईची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली गव्हर्नरीवरून निवृत्त झाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या नावाने वर्गणी जमवली. त्या पैशातून जे शिक्षण सुरू झाले, तेच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन म्हणून नावारूपाला आले. तिथल्या विद्यार्थ्यांनी १८४८ च्या जूनमध्ये एक सभा काढली. 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' असे तिचे लांबलचक नाव. प्राध्यापक पॅटन यांचा तिला आधार होता. उत्साही मंडळींत दादाभाई नौरोजी पुढे होते; ते तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. सभेची रीत साधी होती. एकाने निबंध लिहून आणायचा, सर्वांसमोर वाचायचा आणि मग त्यावर इतरांनी बोलायचे.

या मुलांच्या लवकरच लक्षात आले की आपण इंग्रजीत बोलतो ते आपल्यापुरतेच राहते. बाजारातल्या, घरातल्या माणसाला त्याचा काय उपयोग? म्हणून त्याच साली मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष झाले व्याकरणकार दादोबा पांडुरंग, तर गुजराती सभेचे दादाभाई. मराठी सभेने १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही चालवले. म्हणजे बंद खोलीतला वाद मायबोलीत आला आणि छापून गावोगाव जाण्याची वाट मोकळी झाली.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. १८४९ साली बेहरामजी गांधी या तरुणाने सभेत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली. मुलींनी शिकले पाहिजे असे बोलणाऱ्यांनी सांगितले असेल, टाळ्याही पडल्या असतील. इतर ठिकाणी गोष्ट इथेच संपली असती. पण पॅटन साहेबांनी मुलांना कृतीचा आग्रह केला. जे पटले असे म्हणता, ते करून दाखवणार की नाही?

मुले उठली. मुलींच्या शाळा ही गोष्ट तेव्हा अगदीच अश्रुत होती असे नाही. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ सालीच मुलींची शाळा काढली होती आणि पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात आपले काम सुरू केले होते. तरी मुंबईतल्या पांढरपेशा घरांतून मुलगी शाळेत पाठवायची, हे लोकांच्या गळी उतरत नव्हते. मग हे तरुण घरोघर हिंडले. "शाळेत पाठवू नका हवे तर, तुमच्या ओसरीवर बसून शिकवतो, एवढी तरी परवानगी द्या," अशी त्यांची विनवणी. कुणी ओसरी दिली, तर कुणी पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली! दादाभाईंनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत हे सांगितले आहे.

तरी १८४९ च्या ऑक्टोबरात शाळा उघडल्या. आरंभी मुली किती? पारशी ४४ आणि हिंदू २४. पगारी शिक्षक ठेवायला पैसा नव्हता, म्हणून सभासद स्वतःच सकाळी शिकवत आणि मग आपापल्या कामाला लागत. हे काम टिकते आहे असे दिसल्यावर मोठ्या माणसांचे हात पुढे आले. कामा घराण्यातल्या मंडळींनी पैशाचे साहाय्य केले. जगन्नाथ शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेला जागा दिली. दादाभाई पुढे १८९२ साली विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले आणि तिथे हिंदुस्थानची बाजू मांडू लागले. लोकांसमोर उभे राहून बोलायचे, विरोध ऐकून घ्यायचा, ही तालीम त्यांना या सभांतून मिळाली होती.

आता त्या व्यवहारी माणसाचा प्रश्न पुन्हा घेऊ. बोलण्यातून निघाले काय? मुंबईत शाळा निघाल्या. कलकत्त्यात एका शिक्षकाची नोकरी गेली, पण स्वतः विचार करणारी माणसे निघाली. दोन्ही ठिकाणी काही गोष्टी सारख्या होत्या. विषय पोटातला होता, नुसता शोभेचा नव्हता. विरुद्ध बाजूला पुरती संधी होती. आणि ढाल नव्हती, बक्षीस नव्हते.

ढाल असू नये असे माझे म्हणणे नाही. ढालीने पोरांना हुरूप येतो. पण गुरुजी, तुमच्या शाळेत वादविवाद ठेवाल तेव्हा विषय गावातलाच घ्या. सातवीनंतर मुलीची शाळा सोडवावी का? विहिरीचे पाणी आधी कुणाच्या शेताला? लग्नाला कर्ज काढावे का? मुलांना एकदा स्वतःला पटलेली बाजू द्या आणि एकदा न पटणारी. न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडायला लागले, की समोरचा माणूस मूर्ख नाही हे मुलाला कळते. गावच्या बैठकीत हीच समज कमी पडते आणि भांडणे कोर्टात जातात.

आणि तुम्ही पालक मंडळी, त्या दिवशी शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसा. तुमचा मुलगा किंवा मुलगी तुमच्या मताविरुद्ध बोलेल, तर रागावू नका. घरी आल्यावर एवढेच विचारा, "बोललास ते ठीक. मग आता आपण काय करायचे?" पॅटन साहेबांनी आपल्या मुलांपुढे टाकलेला प्रश्न याहून वेगळा नव्हता.