पिंपातली किल्ली: नव्या अल्बमवरचे पहिले निकाल

आज सुरुवात एका परीक्षणापासून करतो. १८ जून १९६७, रविवार. न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन नावाच्या, जेमतेम तेविशीच्या मुलाने बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या नव्या अल्बमवर लिहिलं. अमेरिकेतल्या दुकानांत अल्बम येऊन दोन आठवडे झाले होते. जिकडेतिकडे कौतुक चाललं होतं. लंडनमध्ये केनेथ टायनन यांच्यासारखा नामवंत नाट्यसमीक्षक तर, हा पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासातला निर्णायक क्षण आहे, असं म्हणून बसला होता. आणि हा मुलगा म्हणतो काय, तर हा सगळा करामतींचा पसारा आहे. ध्वनीची आतषबाजी दिपवून टाकते, पण तिच्याखाली गाणं पातळ झालंय. शेवटचं 'अ डे इन द लाइफ' तेवढं त्याने वगळलं, त्याची मनापासून स्तुती केली.

टाइम्सकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग पडला. पुढच्या महिन्यात 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्याला स्वतःच्या मताचं समर्थन करावं लागलं. लक्षात घ्या, तेव्हा हा व्यवसायच नवा होता. रॉक संगीताकडे गंभीरपणे पाहणारं 'क्रॉडॅडी' हे मासिक पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराने १९६६ मध्ये काढलं होतं. 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक निघायला नोव्हेंबर उजाडायचा होता. म्हणजे गिरवायला कित्ताच नव्हता.

बरं, पुढे गोल्डस्टीननेच सांगून टाकलं की त्या वेळी त्याच्या स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता! (हशा) हसलात ना? सगळेच हसतात. ही गोष्ट समीक्षकांची फजिती म्हणूनच सांगितली जाते. मला मात्र ती तशी वाटत नाही. का, ते सांगतो.

आधी तांत्रिक भाग. बीटल्स आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी खरी मेहनत घेतली ती मोनो मिश्रणावर. स्टिरिओचं मिश्रण नंतर थोड्या दिवसांत, बीटल्स हजर नसताना उरकलं गेलं. म्हणजे एका स्पीकरवर ऐकणं हे पाप नव्हतंच. मी स्वतः १९७१-७२ च्या सुमारास पुण्यात, खोलीतल्या मित्राच्या रेकॉर्ड प्लेअरवर तो अल्बम ऐकला तो मोनोच. त्याचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेली तबकडी. पण मोनो वेगळं आणि अर्धा स्टिरिओ वेगळा. मोनोत सगळं एकत्र येतं. स्टिरिओचा एक स्पीकर गेला की त्या बाजूला ठेवलेला आवाजच गायब. गंमत अशी की ज्या गाण्याची याने स्तुती केली, त्यात जॉन लेननचा आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत जातो.

आता डेव्हिड ह्यूमकडे येऊ. १७५७ मध्ये त्याने अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, तापाने फणफणलेला माणूस चवीचा निवाडा मीच करणार असा हट्ट धरत नाही. बिघडलेला स्पीकर म्हणजे हाच ताप. इथवर ह्यूम गोल्डस्टीनच्या विरोधात जातो.

पण त्याच निबंधात ह्यूमने 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट घेतली आहे. दोघांना दारूच्या पिंपातला नमुना चाखायला देतात. एक म्हणतो, दारू चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांची टर उडवतात. शेवटी पिंप रिकामं होतं आणि तळाशी निघते चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली.

सुंदर गोष्ट आहे. माझा तिच्याशी चाळीस वर्षं झगडा चाललाय. दारूचं पिंप रिकामं होतं. अल्बमचं कधी होतं? 'रोलिंग स्टोन'ने २००३ मध्ये सर्वकाळच्या ५०० अल्बमची यादी केली, तेव्हा 'सार्जंट पेपर' पहिला. २०१२ लाही पहिला. झालं, काळाने निकाल दिला, गोल्डस्टीन हरला, असंच कोणीही म्हणेल. २०२० मध्ये नवी माणसं घेऊन मतदान केलं, तर अल्बम चोविसावा आणि पहिल्या क्रमांकावर मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन'. अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. चाखणारे बदलले होते. आणि आज अनेक जाणते श्रोते 'सार्जंट पेपर'बद्दल जी तक्रार करतात, करामत जास्त आणि गाणी कमी, ती गोल्डस्टीनचीच तक्रार आहे. म्हणजे किल्लीची चव त्याला लागली होती की तो तापाचा परिणाम होता? मला वाटतं, थोडं दोन्ही.

ह्यूमही यातून सुटलेला नाही बरं का. बनियन आणि अ‍ॅडिसन यांना एका पंक्तीत बसवणं कसं हास्यास्पद आहे, हे तो याच निबंधात ठणकावून सांगतो. आज अ‍ॅडिसन अभ्यासक वाचतात, आणि बनियनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' जगभर वाचलं जातं. मराठीत तर ते 'यात्रिकक्रमण' म्हणून केव्हाच येऊन गेलं.

लेड झेपलिनचंही असंच. मार्च १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'मध्ये जॉन मेंडेलसनने त्यांचा पहिला अल्बम झोडपला. जेफ बेकच्या गटाने हे आधीच केलंय, आणि जिमी पेज वादक उत्तम असला तरी गाणी रचण्यात कमी पडतो, हे त्याचं म्हणणं. २००३ च्या यादीत, त्याच नियतकालिकाच्या, हा अल्बम एकोणतिसावा. पण मेंडेलसनने तुलना केली होती, कारणं दिली होती. कारण दिलं की वाद घालता येतो. पुढे 'पिचफोर्क' शून्यापासून दहापर्यंत, तेही दशांश देऊन गुण देऊ लागलं. सहा पूर्णांक सात आणि सहा पूर्णांक आठ यांत काय फरक, हे मी जन्मभर पेपर तपासूनही सांगू शकणार नाही. दशांशाशी वाद कसा घालणार?

तुम्ही म्हणाल, मग थांबावं, दहा वर्षांनी लिहावं. नाही हो. दहा वर्षांनी लिहितो तो इतिहासकार. नवा अल्बम घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्याच्या खिशात पैसे आज असतात, आणि वाजवणाऱ्यालाही उत्तर आज हवं असतं. घाईतला निकाल ही त्या कामाची अटच आहे.

माझंच सांगतो. एका विद्यार्थ्याचा प्रबंध मी रेल्वेच्या प्रवासात वाचला आणि 'मांडणी विस्कळीत' असा शेरा मारून सुधारणेसाठी परत पाठवला. त्याचं दीड वर्ष गेलं. पुढे पुस्तक निघालं, घरी बसून वाचलं. मांडणी विस्कळीत नव्हती, गाडी हलत होती. पण तिसऱ्या प्रकरणावरचा माझा आक्षेप मला आजही बरोबर वाटतो. त्याला पत्र लिहिलं, त्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या. उत्तर आलं नाही.

शेवटी ग्रील मार्कस. बॉब डिलनचा 'सेल्फ पोर्ट्रेट' १९७० मध्ये आला. मार्कसने 'रोलिंग स्टोन'मध्ये परीक्षण लिहिलं, त्याचं पहिलंच वाक्य म्हणजे शिवी घालून विचारलेला प्रश्न. इथे तो उच्चारत नाही, समोर लहान मुलंही दिसताहेत. रॉक समीक्षेतलं बहुधा सगळ्यात गाजलेलं पहिलं वाक्य. २०१३ मध्ये त्याच काळातली ध्वनिमुद्रणं कंपनीने नव्याने काढली. काही गाण्यांवर नंतर चढवलेले वाद्यांचे थर त्यात खरवडून काढले होते, आणि खाली डिलनचा आवाज आणि गिटार उरली होती. त्या संचाबरोबरची टिपणं कोणी लिहावीत? मार्कसने. ४३ वर्षांनी. कंपनीने त्यालाच बोलावलं, आणि तो गेला.

चला, प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतून कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.