धाकट्यांची भर

आमच्या गावच्या शाळेत स्काऊटचं पथक म्हणजे आम्ही सोळा पोरं. एका जूनमध्ये तिसरी-चौथीची तीस पोरं मागं लागली, आम्हालाही घ्या. आम्ही थोरले कुरकुरलो. ह्यांना गाठी कोण शिकवणार, रडली तर कोण बघणार?

गुरुजी म्हणाले, "अरे, हे गाऱ्हाणं जुनंच आहे." १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. पुढं थोरल्यांच्या मागं धाकटे भाऊही येऊ लागले, तेव्हा १९१६ मध्ये त्यांच्यासाठी निराळे 'कब' निघाले. त्यांचे खेळ किपलिंगच्या 'जंगल बुक'वर बेतलेले. मोगलीचं ते रान सिवनीकडचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या वरचं. विलायतेला जाऊन आमच्याकडं आलं!

गुरुजींनी सहा-सहांचे गट पाडले, दर गटावर आमच्यातला एक. खाकी गणवेश फार थोड्यांना परवडणारा. म्हणून गळ्यातला स्कार्फ तेवढा सक्तीचा ठेवला, तोही आईच्या जुन्या लुगड्याचा चालवला. माझ्या सहांतले पाच दिवाळीनंतरही आले. सहावा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, स्कार्फ गळ्यात घालूनच.