बुटक्या गव्हाचे गुह्य
निजामी अंमलात जिल्ह्याचे सदर ठाणे असलेल्या परभणीत १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा जपानी नॉरिन गव्हाच्या वंशातील बुटके वाण भारताच्या रब्बीत रुजून चुकले होते. परंतु भरपूर खतपाणी मिळूनही त्यांचे काड आखूड का राहते, हे गूढच होते. त्याचा उलगडा पेशीतील प्रथिनांच्या विघटनातून झाला. १९७५ साली ओळखल्या गेलेल्या, ७६ अमिनो आम्लांच्या युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची मोहोर ज्या प्रथिनावर उठते त्याचे पेशीत विघटन होते, हे सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोज यांनी दाखविले (नोबेल, २००४). वाढ रोखणाऱ्या प्रथिनावर जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या हुकमाने हीच मोहोर उठते व रोप उंचावते. बुटक्या गव्हात मात्र, आणि मला हे फार विलक्षण वाटते, त्या प्रथिनाचाच एक अंश गळालेला असल्याने हुकमाची तामिली होत नाही, अन् भरल्या ओंब्यांखालीही पीक सहसा लोळत नाही.