प्रौढ न होणारें रक्त

मलकापूर किंवा शेगांव येथें मुंबईची गाडी थांबली, म्हणजे तींत चढणाऱ्या उतारूंत दवाखान्याचे कागद जपून धरलेलें एखादें कुटुंब असतें. बुलढाणा जिल्ह्यांतून परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाणारी ही वाट ज्या दुःखांतून निघाली, तें दुःख रक्ताच्या कर्करोगाचेंच होतें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं या रोगानें निवर्तल्या. १९३२ त त्यांच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठीं निधि स्थापन झाला आणि १९४१ च्या फेब्रुवारींत परळचें रुग्णालय उघडलें.

या व्याधीला ल्युकेमिया, म्हणजे ‘पांढरें रक्त’, हें नांव जर्मन वैद्य व्हिर्शो यांनीं १८४७ मध्यें दिलें. रक्तांत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, एवढें तेव्हां दिसलें. पण खरा दोष गर्दीचा नसून अपक्वतेचा आहे. अस्थींच्या मगजांत मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका तयार होतात. प्रत्येक पेशी पायरीपायरीनें प्रौढ होते. ज्वारीचें पीक हिरवेंगार वाढावें, पण निसवूंच नये, तशी या रोगांत पेशींची गत होते. त्या वाढतात, जागा अडवितात, पण कामास येत नाहींत.

असें कां व्हावें? १९७३ त शिकागोच्या जॅनेट रौली यांनीं दाखविलें कीं, एका प्रकारच्या ल्युकेमियांत दोन गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदललेले असतात. १९७७ त प्रोमायलोसाइट नांवाच्या अपक्व पेशींच्या ल्युकेमियांत पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांची अशीच अदलाबदल आढळली. तींतून एक जोडप्रथिन निपजतें. या जोडांतील एक भाग एरव्हीं जीवनसत्त्व ‘अ’ पासून होणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा संकेत मिळतांच प्रौढत्वाचीं जनुकें उघडतो. जोडप्रथिन मात्र शरीरांतील अल्प आम्लाला दाद देत नाहीं. तें त्या जनुकांना कुलूप घालून बसतें.

शांघायचे डॉ. वांग झेन-यी यांनीं १९८५ त पांच वर्षांच्या एका मुलीला हेंच आम्ल मोठ्या मात्रेनें दिलें आणि ती बरी झाली. कुलूप निघालें; रोगट पेशी मारल्या न जातां प्रौढ झाल्या आणि आपलें आयुष्य पुरें करून गेल्या. पुढें सोमलाची जोड मिळाली. एके काळीं रक्तस्रावानें थोड्याच दिवसांत प्राण घेणारा हा प्रकार आज बहुतेक रोग्यांत बरा होतो.

आपल्याकडेही ही परंपरा रुजली. १९५२ त परळ येथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखालीं कर्करोग संशोधन केंद्र उभें राहिलें. पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं तेथें शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारून ल्युकेमियाचाही अभ्यास केला.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. हिरड्यांतून रक्त येणें, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठणें, न हटणारा ताप, हीं लक्षणें दिसतांच जवळच्या गांवीं रक्ताची तपासणी करून घ्यावी. औषध सांपडलें आहे. तें वेळेवर पोंचणें, एवढेंच पुष्कळदां उरलेलें असतें.